फुरसुंगीचा फेणे, बपेऱ्याचा वाचक

'यंग अडल्ट' हे नाव नवं, पण बारा ते सोळा वर्षांचा मराठी वाचक जुना आहे. आधी त्याच्या वाट्याला 'श्यामची आई' आली. साने गुरुजींनी ती 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली. श्याम चुकतो, रडतो, आई त्याला घडवते. भा. रा. भागवतांचा बनेश ऊर्फ 'फास्टर' फेणे मात्र आईच्या नजरेबाहेर, पुण्यात सायकलवर सापडतो. तोंडाने 'ट्टॉक' करतो आणि मोठ्यांच्या आधी चोर ओळखतो. माझ्या मते मराठी किशोरकथा खऱ्या अर्थाने वयात आली ती इथे, कारण संस्काराची जागा कुतूहलाने घेतली. ज्यूल व्हर्न मराठीत आणणाऱ्या भागवतांना वेग म्हणजे काय ते ठाऊक होतं.

यावर कोणी म्हणेल, हे सगळं पुण्याचं कौतुक. भंडारा जिल्ह्यात, मध्य प्रदेशच्या सीमेजवळच्या बपेऱ्यात त्याचं काय? आक्षेप निम्मा खरा आहे. तिथली झाडीबोली बोलणाऱ्या मुलाला कथेत आपली भाषा क्वचितच भेटली, ही उणीव मान्यच करायला हवी. पण फेणेही मूळचा फुरसुंगी गावचा, पुण्याच्या शाळेत शिकायला आलेला. शिवाय पुस्तकाचं दुकान लांब असलेल्या गावासाठी मासिक ही सोयीची वाट होती. बालभारतीने 14 नोव्हेंबर 1971 रोजी 'किशोर' सुरू केलं. त्याचे जुने अंक आता मोबाईलवरही फुकट वाचता येतात.