निरगाठ, सुरगाठ आणि तिसरी गाठ

निरगाठ सुटता सुटत नाही आणि सुरगाठ एका झटक्यात सुटते, हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक असते. मी आज जिच्याविषयी बोलणार आहे ती गाठ या दोन्हींत बसत नाही. भार पडला की ती आवळते, भार निघाला की मुठीत धरून वर सरकवता येते.

ऑस्ट्रियाचे गिर्यारोहक कार्ल प्रुसिक यांनी १९३१ साली ती प्रसिद्ध केली. हे गृहस्थ पेशाने संगीतशिक्षक. महायुद्धात वाद्यांच्या तुटलेल्या तारा जोडताना ती सुचली, असे सांगतात. जाड दोराला बारीक दोरीच्या फासाचे तीन वेढे द्यायचे, एवढीच करामत. पुढे झाडांवर काम करणाऱ्यांनी याच जातीच्या गाठी वापरल्या. दोर फांदीवरून टाकायचा, एक टोक कमरेच्या पट्ट्याला बांधायचे. खाली आलेल्या दुसऱ्या बाजूवर गाठ, आणि तीही पट्ट्यालाच. दोन्ही हात कामाला मोकळे! अशीच एक गाठ हाइन्झ प्रोहास्का यांनी १९८१ मध्ये छापली. १९९४ मध्ये जेसन ब्लेक यांनी ती स्वतंत्रपणे मांडली आणि नाव ब्लेकचे झाले. श्रेयाचे हे असेच असते.

वेढ्याची ताकद आपल्या खेड्यांना नवी नव्हती. विहिरीत जड वस्तू सोडताना दोराला बुंध्याभोवती दोन वेढे दिले की एकटा गडी भार पेलतो. दर वेढ्यागणिक पकडीची बेरीज नव्हे, गुणाकार होतो.

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात दोराचीही वाण नव्हती. बलुतेदारीत दोर वळण्याचे काम मातंग समाजाकडे होते. मोटेचा नाडा, बैलाचा कासरा, गुरांचे दावे, पोळ्याची नवी वेसण त्यांच्याच हातची. पंप आले, मोट गेली, नाडाही गेला.

पण हा सगळा दोर जनावरासाठी आणि भारासाठी होता. चिंच झोडायला चढणाऱ्याच्या कमरेला तो कधी आला नाही. आजही दोर असलाच तर तोडलेली फांदी खाली सोडायला असतो. चढणाऱ्याला मजुरी दिवसाची मिळते. पडला तर अंथरुणावरचे महिने मात्र त्याचे स्वतःचे. गाठ परदेशातून यायची होती, हे कारण मला पटत नाही. माणसापेक्षा चिंच महाग होती.

मात्र हे ऐकून कोणी बाजारातली नायलॉनची दोरी घेऊन चढू नये. गुळगुळीत दोरीवर गाठ घसरते आणि झपाट्याने उतरल्यास घर्षणाच्या उष्णतेने दोरी वितळू शकते. फासाची दोरी मुख्य दोरापेक्षा बारीक हवी, नाहीतर पकड बसत नाही. जाणत्या माणसाकडून शिकून, जमिनीपासून हातभर उंचीवर लटकून गाठ आधी पारखून घ्यावी.