दोसुतीवरचा पोपट

शिरड शहापूरच्या आमच्या घरात भिंतीवर एक पोपट आहे. आमच्या हिने दोसुतीवर भरलेला. ही गेली, पोपट राहिला. परवा नात म्हणाली, "आजोबा, याला कॉम्प्युटरवर उडवू या. पण सॉफ्टवेअर कोणतं घ्यायचं?" दोसुतीचा एक चौकोन म्हणजे पडद्यावरचा एक पिक्सेल, हेही तिनेच समजावले.

मास्तरकीची खोड, म्हणून आधी इतिहास पाहिला. १९८५ साली डॅन सिल्वाने अमिगा संगणकासाठी 'डिलक्स पेंट' केले. पुढे कितीतरी खेळांची चित्रे त्यात रंगली. २००१ मध्ये डेव्हिड कापेलोने 'एसप्राइट' सुरू केले. ते मुक्त होते. २०१६ मध्ये परवाना बदलला. मूळ कोड वाचा, स्वतःपुरता वापरा, पण वाटू नका. तयार प्रत हवी तर विकत घ्या. मग काहींनी जुन्या मुक्त आवृत्तीवरून 'लिब्रेस्प्राइट' काढले. कापेलोलाही पोट आहेच म्हणा, पण मला वाटता येणारी वस्तू बरी वाटते.

नातीला हा वाद नकोच होता. तिला आधीचे चित्र खाली पुसट दिसायला हवे, म्हणजे पंख किती हलवायचा ते कळते. साध्या पेंटमध्ये ती सोय नाही. (दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र'च्या, म्हणजे १९१३ च्या आधी वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक फ्रेम घेत टिपली. त्यांना कुठली सोय!) लिब्रेस्प्राइटमध्ये ती आहे. तेच घेतले.

काल चौकोन मोजताना चोचीपाशी हिचा एक टाका चुकलेला सापडला. "दुरुस्त करू?" नातीने विचारले. मी नको म्हणालो.