हातावरचे पोट आणि कायद्याचा तक्ता

ठाणे स्टेशनच्या पूर्वेला आमची कोपरी, पश्चिमेला वागळे इस्टेट. 1962 साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि वागळे इस्टेट ही त्याची पहिली वसाहत ठरली. पूर्वेकडची माणसे डबा घेऊन तिकडे कामाला जाऊ लागली. यंत्रात बोट गेले, पंजा गेला, तर प्रश्न एकच असे : भरपाई किती?

त्याचे उत्तर 1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यात होते. त्याच्या सुधारलेल्या तक्त्यात अंगठ्याला 30 टक्के, तर्जनीला 14 टक्के, असा हिशेब. पुढे 1943 मध्ये प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना आखण्याचे काम आले. तेव्हा मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकर सांभाळत होते. त्यातून 1948 चा राज्य विमा कायदा झाला. त्यात वैद्यकीय मंडळ अपंगत्वाचे टक्के ठरवी. ते मान्य नसतील तर अपील न्यायाधिकरण किंवा विमा न्यायालय, आणि कायद्याचा महत्त्वाचा मुद्दा असेल तर 60 दिवसांत उच्च न्यायालय.

पण टक्के कशाचे मोजायचे? देहाचे की कमाईचे?

याचा निकाल ओडिशातल्या एका सुतारामुळे लागला. 1968 च्या जुलैत चित्रपटगृहात नक्षीकाम करताना तो पडला आणि डावा हात कापावा लागला. मालक म्हणाला, हा माझा कामगारच नव्हे, ठेकेदार आहे. भरपाई आयुक्तांनी ते फेटाळले आणि 9,800 रुपये मंजूर केले, वर दंडही लावला. मालक उच्च न्यायालयात हरला, तरी सर्वोच्च न्यायालयात गेला. त्याचे म्हणणे, तक्त्याप्रमाणे नुकसान अंशतःच आहे. डिसेंबर 1975 मध्ये न्यायालयाने सांगितले : सुतारकाम एका हाताने होत नाही, म्हणून या माणसाची कमाई शंभर टक्के बुडाली. शिवाय भरपाईची जबाबदारी अपघाताच्या दिवसापासूनच सुरू होते.

हातावर पोट असणे, असे आपण सहज म्हणतो. न्यायालयाने त्या शब्दांचा अर्थ शब्दशः लावला. गेलेला हात कोणते काम करत होता, हे विचारल्याशिवाय टक्के ठरत नाहीत.

हे दोन्ही कायदे 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावले गेले. तरी सुताराचा मुद्दा जुना होत नाही. म्हणून सांगतो, नकाराचा कागद हाती आला तर रागाने फाडू नका. आधी त्यावरची तारीख वाचा. अपिलाची मुदत मोजायची, तर ती तारीख लागतेच.