क्यूवरची चार टोकं

पूलच्या क्यूवर, मुठीच्या जरा पुढे, चार लांब निमुळती टोकं दिसतात. गडद लाकूड फिक्या लाकडात घुसलेलं. आमच्या ऑफिसातल्या क्यूंवर ती चक्क छापलेली आहेत आणि एका क्यूवरचं टोक हाताच्या घामानं पुसतही चाललंय. आज ती नक्षी वाटते. मुळात तो सुतारकामातला सांधा होता.

आधी चेंडू 'मेस'नं ढकलत. मेस म्हणजे पुढे ठोकळा बसवलेला दांडा. चेंडू टेबलाच्या कडेला चिकटला की ठोकळा आडवा येई, मग दांडा उलटा धरून शेपटीनं मारायचं. फ्रेंचमध्ये शेपटीला 'क्यू' म्हणतात. पुढे शेपटीच उरली, ठोकळा गेला.

नुसत्या काठीनं खेळायचं तर पुढचा भाग हलका, सरळ हवा आणि वजन मागे. म्हणून पुढे मेपल (इंग्लंडात ॲश), मागे शिसवी किंवा एबनी. पण लाकडं टोकाला टोक लावून चिकटवली तर सांधा टिकत नाही. आडव्या छेदावर सरस नीट धरत नाही. त्यावर उपाय असा, की दोन्ही लाकडांत लांब पाचरी कापायच्या, एकमेकींत घुसवून चिकटवायच्या, मग लेथवर गोल करायचं. टोकं आपोआप उमटतात. अमेरिकेत ब्रन्सविक कंपनीचे 'टायटलिस्ट' क्यू असेच होते. ब्रुकलिनच्या जॉर्ज बालाबुश्कानं १९५९मध्ये क्यू करायला घेतले, तेव्हा तो तेच क्यू कापून आपल्या क्यूची मूठ घडवायचा. त्याचं नाव इतकं झालं, की 'द कलर ऑफ मनी' (१९८६) या सिनेमात 'बालाबुश्का' म्हणून जो क्यू मिरवला जातो, तो प्रत्यक्षात जॉस कंपनीनं केलेला तसा दिसणारा क्यू होता.

पुढे मेपलमध्ये व्ही-आकाराच्या खाचा पाडून त्यात टोकं बसवू लागले. मग सीएनसी आलं. गोल फिरणारं कटर आतल्या अणकुचीदार कोपऱ्यात शिरू शकत नाही, त्यामुळे तिथली टोकं किंचित बोथट राहतात. अमेरिकी शौकीन बोथट टोक दिसलं की नाक मुरडतात. मला ते पटत नाही. कटरची त्रिज्या लपवायचं काय कारण? आणि टोक धारदार म्हणजे हातचं काम, हा नियमही सगळीकडे चालत नाही.

इंग्लंडात नेमकं उलटं आहे. स्नूकरच्या हाती केलेल्या क्यूत ॲशच्या दांड्याच्या चार बाजू रंध्यानं सपाट करतात, प्रत्येकीवर एबनीची पट्टी चिकटवतात आणि सगळं पुन्हा गोल करतात. निमुळत्या दांड्याला सपाट प्रतल तिरकं छेदतं तेव्हा कडेला वक्ररेषा उमटते, कॉलेजात शंकूच्या छेदांत काढायचो तशी. त्यामुळे तिथलं हातचं टोक गोलसर असतं, धारदार टोक यंत्राचं.

म्हणून कुणी आपला क्यू कौतुकानं पुढे केला, की मी आधी तो कुठल्या देशातला ते विचारतो.