तीन चाकांची गाडी

श्रोतेहो, दोन-अडीच वर्षांचे मूल पहिल्यांदा तीनचाकी सायकलवर बसलेले तुम्ही पाहिले असेलच. पहिले काही दिवस ते पायडलला पाय लावीतच नाही. दोन्ही पायांनी जमीन मागे सारते आणि गाडी पुढे ढकलते. मग एखादे दिवशी पाय पायडलवर ठेवते. पण उलटा दाब पडतो आणि गाडी मागेच जाते! शेवटी एकदा सुलट फेरा बसतो, आणि ओटीवरून आजी म्हणते, “आलं गं बाई, आलं!”

गंमत अशी की, माणसानेही सायकल याच क्रमाने शिकली. १८१७ साली जर्मनीतल्या मानहाइम गावी कार्ल ड्राइस यांनी दोन चाकांची लाकडी गाडी काढली. तिला पायडल नव्हते. जमिनीला पाय मारीतच ती चालवायची. पुढच्या चाकाला पायडल आले ते १८६० नंतर, पॅरिसमध्ये. मुलांच्या साध्या तीनचाकीला आजही तीच रचना असते. साखळी नाही, पायडलचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा.

आता तीनच चाके का? आपली चूल आठवा. तीन दगडांवर ठेवलेले भांडे डगमगत नाही. चौथा दगड आला की एखादा तरी उंच-सखल होतो. आपला पांगुळगाडाही तीन चाकांचाच. म्हणून तोल न सावरणाऱ्याला तीन चाके बरी. आणि हे काही फक्त मुलांचे वाहन नव्हते, बरं का! दुचाकीचे पुढचे चाक खूप उंच असे, त्या काळात इंग्लंडमधली प्रतिष्ठित माणसे तीनचाकीच पसंत करीत. १८८१ साली खुद्द व्हिक्टोरिया राणीने दोन तीनचाकी मागविल्या होत्या. १८८५ साली साखळीची, जवळजवळ सारख्या चाकांची ‘रोव्हर’ दुचाकी आली, आणि मोठ्यांचा ओढा हळूहळू तिकडे वळला.

पण एका मुलाच्या तीनचाकीने जगाची चाल बदलली, ती हकीकत ऐका. बेलफास्ट शहरात जॉन बॉइड डनलॉप नावाचे गुरांचे डॉक्टर होते. त्यांचा मुलगा दगडी रस्त्यावर तीनचाकी फिरवी. चाकांना भरीव रबर, त्यामुळे हादरे फार. १८८७ साली वडिलांनी पातळ रबराची नळी करून, तिच्यात हवा भरून ती लाकडी चकतीवर बसविली. ती चकती आणि भरीव रबराचे चाक दोन्ही अंगणात सोडून पाहिली. हवेची चकती लांबवर गेली. मग तशी चाके मुलाच्या गाडीला लागली. १८८८ साली पेटंट मिळाले. पुढे कळले की, रॉबर्ट थॉमसन यांनी हीच युक्ती १८४५ सालीच नोंदविली होती, आणि डनलॉप यांचे पेटंट रद्द झाले. पण ही युक्ती घरोघरी पोहोचली ती मात्र डनलॉप यांच्यानंतरच. आपल्याकडे टायरच्या बैलगाडीने उसाचे ओझे ओढणाऱ्या बैलांच्या मानेलाही तिचा लाभ झाला. गुरांच्या डॉक्टरांच्या हातून हे घडले, हे शोभलेच!

इथे गोष्ट संपविली असती तर गोड झाली असती. पण इतिहास अर्धा सांगू नये. टायर आले आणि रबराची मागणी भडकली. आफ्रिकेतला काँगो १८८५ ते १९०८ बेल्जमचा राजा दुसरा लिओपोल्ड याच्या खाजगी ताब्यात होता. तेथील गावकऱ्यांना जंगलातले रबर सक्तीने गोळा करावे लागे. ठरलेला भार भरला नाही, तर बायकामुलांना ओलीस धरीत, फटके मारीत, हात तोडीत. रॉजर केसमेंट यांचा अहवाल १९०४ साली प्रसिद्ध झाला, ई. डी. मोरेल यांनी चळवळ उभारली, तेव्हा जगाला हे समजले. १९०८ साली राजाची मालकी गेली.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, वर्गात शोधांचा पाठ घेताना आपण शोधकाचे नाव आणि साल फळ्यावर लिहितो. त्याखाली आणखी एक ओळ लिहायला हवी: कच्चा माल कुठून आला, कुणी गोळा केला? डनलॉप यांनी मुलाचे हादरे कमी केले, त्यात पाप नव्हते. पण एका बापाची माया दूरच्या दुसऱ्या बापाला किती महाग पडली, हे मुलांना कळले पाहिजे.

उद्या घरातले पोर तीनचाकीवर बसले की त्याला जरूर ढकला. थोडे मोठे झाले, की ही दुसरी बाजूही सांगा.