सहसंयुज बंध, रेणूची ध्रुवीयता आणि कल्याण परिसरातील रेयॉन उद्योग : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

पदवीच्या प्रथम वर्षात सहसंयुज बंध आणि रेणूची ध्रुवीयता हा घटक शिकविताना उदाहरणे बहुधा पाणी, अमोनिया व कार्बन डायऑक्साइड यांच्यापुरती मर्यादित राहतात. ठाणे, कल्याण व डोंबिवलीतील अध्यापकांना याहून जवळचे उदाहरण उपलब्ध आहे, ते म्हणजे रेयॉन निर्मितीत वापरल्या जाणाऱ्या कार्बन डायसल्फाइडचे. प्रस्तुत निबंधात या संकल्पनांचा इतिहास आणि परिसरातील रेयॉन उद्योग यांचा एकत्रित विचार केला आहे.

संकल्पनांचा विकास

पाठ्यपुस्तकांत आधी बंध आणि नंतर ध्रुवीयता असा क्रम असतो. इतिहासाचा क्रम वेगळा आहे. पीटर डेबाय यांनी रेणूला स्थायी द्विध्रुव परिबल, म्हणजेच डायपोल मोमेंट, असू शकते ही कल्पना 1912 मध्ये मांडली. इलेक्ट्रॉनांच्या सामाईक जोडीने बंध बनतो, हा गिल्बर्ट लुईस यांचा सिद्धान्त 1916 चा. सहसंयुजा ही संज्ञा आयर्विंग लँगम्युअर यांनी 1919 मध्ये रूढ केली, तर विद्युतऋणतेची मापनश्रेणी लायनस पाउलिंग यांनी 1932 मध्ये दिली.

तंत्र आधी, सिद्धान्त नंतर

व्हिस्कोज प्रक्रियेचे पेटंट क्रॉस, बेव्हन व बीडल यांनी इंग्लंडमध्ये 1892 साली घेतले. त्या वेळी इलेक्ट्रॉनचाही शोध लागलेला नव्हता. स्वातंत्र्योत्तर काळात हेच तंत्र कल्याण परिसरात रुजले. मोहने येथे नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशनचा आणि शहाड येथे 1956 पासून सेंच्युरी रेयॉनचा कारखाना चालू झाला. यांपैकी मोहने येथील कारखाना 2009 मध्ये बंद पडला.

सेल्युलोजमध्ये ध्रुवीय हायड्रॉक्सिल गट विपुल असूनही ते पाण्यात विरघळत नाही, कारण त्याच्या साखळ्या हायड्रोजन बंधांनी परस्परांना घट्ट धरून ठेवतात. लाकडाच्या लगद्यावर प्रथम कॉस्टिक सोड्याची व नंतर कार्बन डायसल्फाइडची प्रक्रिया केली असता विद्युतभारित झँथेट गट तयार होतात, साखळ्या विलग होतात आणि सौम्य कॉस्टिक सोड्यात विरघळून व्हिस्कोज मिळते. ते सल्फ्युरिक आम्लाच्या कुंडात सूक्ष्म छिद्रांतून सोडले की सेल्युलोज पुन्हा तंतुरूपाने प्राप्त होते.

आकार आणि बंध

कार्बन डायऑक्साइड व कार्बन डायसल्फाइड हे दोन्ही रेणू सरळ रेषेतील असून दोघांचेही द्विध्रुव परिबल शून्य आहे. मात्र त्यांच्या बंधांत फरक आहे. पाउलिंग श्रेणीवर कार्बनची विद्युतऋणता 2.55, ऑक्सिजनची 3.44 आणि गंधकाची 2.58 आहे. म्हणजे पहिल्या रेणूत ध्रुवीय बंध परस्परांना छेद देतात, तर दुसऱ्यात बंधच जवळजवळ अध्रुवीय आहेत. कार्बोनिल सल्फाइड हा रेणूही सरळ रेषेतीलच, परंतु त्याच्या एका टोकाला ऑक्सिजन व दुसऱ्या टोकाला गंधक असल्याने तो ध्रुवीय आहे. केवळ आकार किंवा केवळ बंध पाहून ध्रुवीयता ठरविता येत नाही, हे या तीन रेणूंच्या तुलनेतून स्पष्ट होते.

सिद्धान्ताची मर्यादा

अध्रुवीय असल्याने कार्बन डायसल्फाइड पाण्यात अत्यल्प विरघळते आणि पाण्यापेक्षा जड असल्याने तळाशी राहते. म्हणूनच ते पाण्याच्या थराखाली साठविता येते. परंतु त्याचा उत्कलनबिंदू अवघा 46 अंश सेल्सिअस आहे आणि सुमारे 100 अंश तापलेल्या पृष्ठभागाच्या संपर्कानेही त्याचे बाष्प पेट घेते. हा धोका ध्रुवीयतेच्या नियमावरून सांगता येत नाही. 23 सप्टेंबर 2023 रोजी शहाडच्या कारखान्यात कार्बन डायसल्फाइड भरण्यासाठी आलेल्या टँकरमध्ये स्फोट होऊन कामगारांना प्राण गमवावे लागले.

समारोप

व्हिस्कोजचा शोध लावणाऱ्यांना बंधाचा सिद्धान्त ठाऊक नव्हता, तरी तंत्र यशस्वी झाले. आज सिद्धान्त ज्ञात आहे, परंतु परिसरातील पदार्थांशी त्याची सांगड घातली जातेच असे नाही. या भागातील अनेक विद्यार्थी पुढे रासायनिक कारखान्यांत काम करतात. शून्य द्विध्रुव परिबल असलेला रेणू निरुपद्रवी असतो, असा समज घेऊन त्यांनी वर्गाबाहेर पडू नये. त्यासाठी कार्बन डायसल्फाइडचे उदाहरण, त्याच्या धोक्यांसह, प्रथम वर्षाच्या अध्यापनात समाविष्ट होणे आवश्यक वाटते.