वाशी ते लॅमिंग्टन रोड

१९९२ साली लोकल वाशीपर्यंत आली आणि आम्हा नवी मुंबईकरांना लॅमिंग्टन रोडचा संगणक बाजार जवळचा झाला. १९९७ मध्ये भारत माहिती तंत्रज्ञान करारात सामील झाला; २००५ पर्यंत संगणकांवरील आयातशुल्क शून्यावर आले. सुटे भाग निवडून ‘असेंबल्ड’ संगणक जोडून घेणे मध्यमवर्गाला परवडू लागले.

त्याच सुमारास वडिलांनी बोनसचे पैसे माझ्या हाती ठेवले. खेळातली चित्रे ग्राफिक्स कार्ड रंगवते, म्हणून प्रोसेसर साधा घेतला, कार्ड चांगले. हिशेब बरोबर होता. पण चारशे रुपये वाचवायला वीज पुरवणारा एसएमपीएस हलका घेतला. पावसाळ्यात तो जळाला, सोबत कार्डही गेले. वडील काही बोलले नाहीत.

मित्रहो, बजेट बेताचे असेल तर कॅबिनेटच्या झगमगाटावर वाचवा, एसएमपीएसवर नको.